लांबच्या वाटेवरचा एक दिवस : पाणी, ओझं आणि उजेड

मीरा-भाईंदरकरांना डोंगर नवा नाही. काशीमिऱ्याच्या पुढे गेलं की राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर समोर उभाच असतो. घोडबंदरच्या किल्ल्यावर चढलं की खाली खाडी दिसते. पहाटेची लोकल धरून एखादा किल्ला करायचा आणि रात्री जेवायला घरी, असं करणारे या सभागृहात पुष्कळ असतील. आज बोलायचंय ते त्याच्या पुढच्या पायरीबद्दल. म्हणजे तीन-चार दिवस सलग चालायचं, झोपायचं डोंगरातच, आणि लागेल ते सगळं पाठीवर.

यातला एकच दिवस आपण घेऊ, मधला. पहिल्या दिवशी उत्साह असतो, शेवटच्या दिवशी घरी जाणारी एसटी असते. मधल्या दिवशी दोन्ही नसतं. मागे फिरलं तरी दिवसभराची चाल, पुढे गेलं तरी दिवसभराची. म्हणून लांबच्या वाटेची खरी परीक्षा याच दिवशी होते.

उदाहरणाला वाट घेऊ रतनगड ते हरिश्चंद्रगड. अहिल्यानगर जिल्ह्याचा अकोले तालुका, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा मुलूख. पहिल्या दिवशी रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ पाहून रतनगडावर मुक्काम. दुसऱ्या दिवशी गड उतरून कात्राबाईची खिंड, तिथून कुमशेत, आणि पायात जोर उरला असेल तर पाचनईपर्यंत. तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्रगड. आपला दिवस हा दुसरा.

वारी आणि डोंगर

लांब चालणं मराठी माणसाच्या अंगवळणी आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, आणि लाखो माणसं चालतात, त्यात सत्तरीचेही असतात. मग डोंगरातले पंधरा किलोमीटर एवढे भारी का पडतात? कारण वारीत पाय आपले असतात, पण बाकीचा भार समाज उचलतो. सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, पाणी टँकरचं, जेवण गावोगावचं, मुक्काम ठरलेला. डोंगरात यातलं एकही नाही. तिथे पाणी, ओझं आणि उजेड या तिन्हींचा हिशोब आपल्यालाच ठेवावा लागतो. आणि हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. पाणी जास्त घेतलं तर ओझं वाढतं, ओझं वाढलं की चाल मंदावते, चाल मंदावली की उजेड संपतो. हे एवढं नीट समजलं तर आजच्या व्याख्यानाचं काम झालं.

पहाटे : ओझ्याचा हिशोब

रतनगडाची उंची १३०० मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे भाईंदरपेक्षा इथे आठेक अंश कमी, आणि हिवाळ्यात मोकळ्या आभाळाखाली त्याहून कमी. सर्वांत गार वेळ पहाटेची. त्यामुळे अंथरुणातून निघणं हेच दिवसातलं पहिलं अवघड काम.

आता सॅक भरायची. साठ किलोच्या माणसाचा हिशोब मांडू. रिकामी सॅक दोन किलो. स्लीपिंग बॅग आणि खाली घालायची मॅट मिळून दोन. कपडे दीड. दोन दिवसांचं खाणं दोन. स्टोव्ह आणि भांड्यांतला आपला वाटा एक. टॉर्च, औषधं, दोरीचा तुकडा वगैरे अर्धा. झाले नऊ किलो. त्यात तीन लिटर पाणी, म्हणजे तीन किलो. एकूण बारा. वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझं ठेवावं असा ढोबळ नियम आहे, त्यात आपण काठावर बसलो.

ओझं कमी करताना माणसं हमखास कुठे कात्री लावतात? पाण्यावर. 'पुढे मिळेल की' म्हणतात आणि दुसरा जीन्स, जाडजूड टॉवेल, मोठा डिओ तसाच राहतो. हे उलटं आहे. बारा किलोंत माणसाला दिवसभर जिवंत आणि शहाणं ठेवणारी वस्तू पाणी आहे, बाकीचं सोयीचं आहे.

भरताना जड सामान पाठीला चिकटून, मधोमध. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, मग खांद्याचे. ओझं कमरेवर बसलं पाहिजे. खांद्यावर लोंबकळणारी सॅक शिडी उतरताना आपल्याला मागे खेचते, आणि रतनगडाची वाट शिड्यांची आहे.

सकाळ : उजेडाचा हिशोब

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. हातात अकरा तास. खोऱ्यात आणि दाट झाडीत त्याहून कमी, कारण डोंगराची सावली आधीच पडते.

चालीचा अंदाज कसा बांधायचा? विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम सांगितला, तो आजही वापरतात. मीटरमध्ये सांगायचं तर सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला वर एक तास. समजा दिवसाची वाट बारा किलोमीटर आणि एकूण चढ ६०० मीटर. बारा भागिले पाच म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं, अधिक एक तास. साधारण साडेतीन तास. पण हा हिशोब चांगल्या वाटेवरच्या सशक्त माणसाचा. आपल्या पाठीवर बारा किलो, पायाखाली घसारा, सोबत आठ जण. त्याची दीडपट करा, पाच तास. जेवण, पाणी भरणं, वाट शोधणं यांचे दोन तास. झाले सात. सातला निघालो तर दोनला पोचायला हवं.

मग कुणी म्हणेल, अंधार सहाला पडतो, दहाला निघालो तरी चालेल की. इथेच बहुतेक गट फसतात. ते मधले चार तास म्हणजे वाट चुकण्याचे, पाय मुरगळण्याचे, कुणाला उलट्या होण्याचे तास आहेत. खिशात शिल्लक असलेले पैसे जसे अडीअडचणीचे, तसे हे तास. ते सकाळी झोपेत उडवले तर संध्याकाळी गरज पडेल तेव्हा हातात काहीच उरत नाही.

गड उतरून खाली आलो की जंगलात फाटा लागतो. रतनवाडीहून येणारी वाट इथे फुटते. एक शिड्यांकडे गडावर, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. अमेरिकेत अपलाचियन ट्रेल नावाची साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. तिथे झाडांवर पांढरे पट्टे मारलेले असतात, पट्टा बघत चालायचं. सह्याद्रीतल्या बहुतेक वाटांवर अशी सलग खूण नसते. इथल्या वाटा गुरांच्या, लाकूडफाट्याच्या, एका वाडीतून दुसऱ्या वाडीला जाणाऱ्या. ढोरवाट आणि गाववाट फाट्यावर सारखीच दिसते. फरक पुढे कळतो. ढोरवाट चाऱ्याकडे किंवा पाण्याकडे जाते आणि विरून जाते.

आपल्याकडची खूण म्हणजे माणूस. गुराखी मामा भेटले, डोक्यावर मोळी घेतलेली मावशी भेटली, की थांबायचं, आधी रामराम करायचा, मग विचारायचं. विचारण्याचीही रीत आहे. 'मामा, ही वाट कुमशेतला जाते ना?' असं विचारू नका. समोरचा माणूस भिडेखातर 'हो, जाती की' म्हणतो, कारण फिरून फिरून ती जातेच कुठेतरी. 'मामा, कुमशेतची वाट कुठली?' असं विचारा आणि त्यांना हाताने दाखवू द्या. आणि 'किती लांब?' याला 'हे काय, इथंच' असं उत्तर आलं तर ते त्यांच्या पायांचं उत्तर आहे, तुमच्या नव्हे.

दुपार : पाण्याचा हिशोब

खिंडीत पोचलो. अलीकडे रतनवाडीचं खोरं, पलीकडे कुमशेतचं. आजोबाचा डोंगर समोर, हवा स्वच्छ असेल तर लांबवर हरिश्चंद्रगड. इथे दोन मिनिटं भूगोल बघा. अलीकडचं पाणी प्रवरेला जातं, पलीकडचं मुळेला. पुढे मुळा प्रवरेला मिळते आणि प्रवरा गोदावरीला. म्हणजे सकाळी बाटलीत भरलेलं पाणी एका नदीचं आणि संध्याकाळचं दुसऱ्या नदीचं. मधल्या उंच भागात भरवशाचं पाणी कमी. दोन खोऱ्यांमधल्या कुठल्याही खिंडीला हा नियम लावता येतो. खिंड म्हणजे पाणी दोन्हीकडे वाहून जाण्याची जागा, साठण्याची नव्हे.

यावर एक शंका येते. घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मग जानेवारीनंतर ओढे कोरडे का? कारण खडक. सह्याद्री बसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्याचा. त्यातल्या घट्ट थरांत पाणी मुरायला जागा फार थोडी. चार महिन्यांत पडलेलं बरंचसं पाणी उतारावरून निघून जातं. पण हाच खडक, त्यात खड्डा कोरला तर, पाणी धरून ठेवतो. म्हणूनच गडागडांवर टाकी कोरलेली दिसतात. सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चचं पाणी बहुधा माणसाने राखलेलं असतं, टाक्यातलं नाहीतर विहिरीतलं. ओढ्याच्या भरवशावर आखलेला बेत नोव्हेंबरात चालतो, मार्चमध्ये अंगाशी येतो.

किती प्यायचं? साधारण हवेत चालताना तासाला अर्धा लिटर धरा, उन्हात त्याहून जास्त. आठ तासांना चार लिटर. तीन सोबत, उरलेलं वाटेत. टाक्याचं पाणी फडक्याने गाळून उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा.

आणि मीठ. भाईंदरच्या मिठागरांच्या गावात मिठाचं महत्त्व मी काय सांगावं! घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस समजतो अजून पाणी हवं. घरातून ओआरएसची पाकिटं न्या. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शेंगदाणे, चिक्की, लिंबाचं लोणचं, भाकरी हे आपलं जुनं सामानही त्याच कामाचं.

गटात एक खूण लक्षात ठेवा. सकाळपासून बडबडणारा माणूस दुपारी गप्प झाला, चिडचिडा झाला, 'मला काही नको' म्हणू लागला, की त्याला सावलीत बसवा. सॅक उतरवा, मानेवर ओलं फडकं, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी. थोड्या वेळात सुधारला तर ठीक. पण तो असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. अंग ओलं करून वारा घाला, गार करत राहा आणि मदत मागवा. तिथे ट्रेक संपला.

दुपारी एक : परत फिरण्याचा निर्णय

आता या दिवसातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा एक वाजला, खिंड उतरताना वाट बारीक झाली आणि मग नाहीशी झाली. समोर एक घळ खाली उतरतेय. तळाशी कुठेतरी शेत दिसतंय. गटातला एक जण म्हणतो, 'उतरू की असेच, खाली गेल्यावर निघू कुठल्यातरी वाडीत.' सह्याद्रीत याच्याइतका घातक विचार दुसरा नाही.

का, ते खडकावरून समजून घ्या. थरांची रचना आडवी आहे. कठीण थर उभा तुटतो, त्याचा कडा होतो. मऊ थर झिजतो, त्याचा उतार होतो, त्यावर झाडी वाढते. त्याला आपण पदर म्हणतो. म्हणून आपला डोंगर जिन्यासारखा आहे. उतार, मग कडा, मग उतार, मग कडा. वरून बघताना फक्त उतार आणि झाडी दिसते, मधले कडे दिसत नाहीत. पाश्चात्त्य पुस्तकांतून आलेला सल्ला तुम्ही ऐकला असेल, हरवलात तर ओढा धरून खाली जा, वस्ती लागेल. आपल्याकडे ओढा प्रत्येक कठीण थरावरून धबधबा होऊन पडतो. पावसाळ्यानंतर पाणी आटतं, कातळटप्पा तिथेच असतो. पहिला टप्पा आठ फुटांचा, कसाबसा उडी टाकून उतरतो. दुसरा पंचवीस फुटांचा. तो उतरता येत नाही, आणि मागचा आठ फुटांचा आता चढता येत नाही. घळीत अडकलेल्या माणसांची गोष्ट बहुतेक वेळा अशीच असते.

म्हणून नियम एकच. वाट हरवली की खाली नाही, मागे. जिथे वाटेची शेवटची खात्री होती, तिथपर्यंत परत जायचं, चढ असला तरी. तिथे सगळ्यांनी बसायचं, दोघांनी ठरावीक वेळ फिरून वाट शोधायची. नाही सापडली तर आल्या वाटेने मागच्या गावात.

हे इथे खुर्चीत बसून सोपं वाटतं. तिथे पाय दुखत असतात, पाणी अर्धा लिटर उरलेलं असतं, साडेचार वाजलेले असतात. परत चढायचं तर त्याला पाणी हवं, ताकद हवी, उजेड हवा. ज्यांच्याकडे यातलं काहीच शिल्लक नाही, ते खाली जातात. बरं, ते मूर्ख असतात म्हणून जातात असं नाही, दुसरा पर्याय त्यांनी सकाळीच संपवलेला असतो. पहाटे घेतलेलं तिसरं लिटर आणि सातला निघण्याचा आग्रह यांची किंमत इथे कळते.

संध्याकाळ

सगळं नीट झालं तर चारच्या आत कुमशेत. शेवटच्या उतारावर जपून. दिवसभराच्या चालीने मांड्यांचे स्नायू थकलेले असतात, आणि उतरताना शरीर रोखून धरायचं काम त्यांचंच. घसाऱ्यावर पाय आडवा टाका, पावलं लहान ठेवा.

कुमशेतला पाचनईचा मोह होतो. 'आज पुढे गेलो तर उद्या आराम.' त्या वेळी घड्याळ बघा, आणि गटातल्या सर्वांत थकलेल्या माणसाकडे बघा. त्या दोघांनी हो म्हटलं तरच पुढे.

मुक्काम गावात. कुणाच्या पडवीत, शाळेच्या ओट्यावर, विचारून. इथली वस्ती महादेव कोळी, ठाकर समाजाची. घरातल्या मावशी पिठलं-भाकरी करून देतात, त्याचे पैसे न सांगता द्यायचे, घासाघीस करायची नाही. उन्हाळ्यात पाणी त्या लांबून डोक्यावर आणतात. त्यांच्या हंड्यातल्या पाण्याने बूट धुऊ नका. अभयारण्यात शेकोटी पेटवायची नाही, वाळलेलं गवत ठिणगीची वाटच बघत असतं. बूट काढा, पायाला कुठे लाल झालंय ते बघा, फोड येण्याआधी टेप लावा. आणि बाटल्या आत्ताच भरून ठेवा. उद्याचा दिवस तिथूनच सुरू होतो.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : मोबाइलवर जीपीएसचा नकाशा असला तर वाट चुकण्याची भीती कशाला?

जीपीएस चांगला आहे, जरूर न्या. त्याला नेटवर्क लागत नाही, नकाशा आधी उतरवून घेतला की पुरतं. पण दोन गोष्टी. बॅटरी थंडीत लवकर उतरते, म्हणून फोन विमान मोडवर ठेवा आणि पॉवर बँक न्या. दुसरं, खोल घळीत, कड्याच्या पोटाशी तो काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. कड्याच्या काठावर काही मीटर म्हणजे सगळंच. नकाशावरची रेघ दिशा सांगते, समोर कडा आहे की नाही ते डोळ्यांनीच बघायचं.

प्रश्न : माझं वय साठच्या पुढे आहे. हे जमेल का?

अपलाचियन ट्रेलचा उल्लेख केला मघाशी. १९५५ मध्ये एमा गेटवूड नावाच्या आजी ती पूर्ण वाट एकट्या चालल्या, वय ६७. पाठीवर घरी शिवलेली पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांचं ओझं फार कमी होतं, हे ध्यानात घ्या. तुमच्या बाबतीत आधी डॉक्टर, मग सराव, आणि गट असा की जो तुमच्या चालीने चालेल.

प्रश्न : इथे मीरा रोडला सराव कसा करायचा?

जिना. एक मजला साधारण तीन मीटर. ६०० मीटर म्हणजे दोनशे मजले. दहा मजली इमारत वीस वेळा. एका दिवसात नको, पाच फेऱ्यांपासून सुरू करा. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, वजन लिटरने वाढवता येतं. उतरतानाही जिनाच वापरा, लिफ्ट नाही, गुडघ्यांना सवय उताराचीच हवी. रविवारी घोडबंदर किल्ल्यापर्यंत भरलेली सॅक घेऊन चालत जा. बूट चावतो की नाही ते तिथे कळू दे, कुमशेतच्या वाटेवर नको. राष्ट्रीय उद्यानात मात्र परवानगीशिवाय शिरू नका, ते बिबट्याचं घर आहे.

प्रश्न : घरच्यांना काळजी वाटते. त्यांना काय सांगून जायचं?

सांगू नका, लिहून द्या. कोण कोण आहेत, कुठल्या दिवशी कुठला मुक्काम, मुक्कामाच्या गावातला एखादा नंबर. आणि सर्वांत महत्त्वाचं, 'अमुक दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवा' ही ओळ. महाराष्ट्रात गिर्यारोहकांनी मिळून रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर चालवलं आहे, ठिकठिकाणच्या संस्थांची मुलं स्वतःचं काम सोडून शोधायला जातात. त्यांना पहिला प्रश्न पडतो तो शोधायचं कुठे हा. तुमच्या फ्रिजवर चिकटवलेला तो कागद त्याचं उत्तर असतो. तेव्हा बेत वाटेत बदलला तर रेंज मिळेल तिथून घरी कळवा, म्हणजे कागद खरा राहील.